नाटक विद्यापीठात शिकतात म्हणजे नेमकं काय शिकतात?

बारावीचा निकाल लागून आठवडा झाला होता. माझी एक मैत्रीण संध्याकाळी घरी आली ती वीजबिलाच्या पाठीमागे लिहिलेले प्रश्न घेऊनच. मुलीला कॉमर्सला ७८ टक्के पडलेत, बी.कॉम.ला सहज प्रवेश मिळेल, आणि ती म्हणतेय, मला नाटकात पदवी करायचीय. "नाटक कर ना, मी कधी नाही म्हटलं? पण त्यात डिग्री म्हणजे काय? पुस्तकं असतात का? परीक्षेत लिहायचं काय?" तिच्या नवऱ्याचा प्रश्न वेगळा होता. पुण्यात कुठल्याही कॉलेजात राहून नाटक करता येतं, मग त्यासाठी तीन-चार वर्षं कशाला द्यायची?

दोघांचेही प्रश्न रास्त आहेत. त्यात नव्या शैक्षणिक धोरणामुळे चार वर्षांची पदवी, क्रेडिट, मध्येच बाहेर पडायची सोय असे शब्द रोज कानावर पडतात, त्यानं गोंधळ आणखी वाढलाय. मी हा अभ्यास केलाय, आता अधूनमधून शिकवतेही. तिला त्या संध्याकाळी जे सांगितलं, तेच जरा नीट लावून लिहिते.

## अभिनय म्हणजे भावना दाखवणं, असंच ना?

इथूनच घोळ सुरू होतो. "जेवलास का?" हे दोन शब्द घ्या. होस्टेलवरच्या मुलाला आई फोनवर विचारते. दोन दिवस अबोला धरलेली बायको नवऱ्याला विचारते. रात्रभर चौकीत बसवून ठेवलेल्या पोराला हवालदार विचारतो. शब्द तेच. पण आईला मुलगा बरा आहे ना एवढं कळायला हवंय. बायकोला अबोला मोडायचाय, पण माघार आपण घेतली असं दिसू द्यायचं नाहीये. हवालदाराला पोरानं तोंड उघडायला हवंय.

हे पात्र समोरच्याकडून या क्षणी काय मिळवू पाहतंय? नटाचं काम या प्रश्नापासून सुरू होतं. वर्गात त्याला 'उद्दिष्ट' म्हणतात. आणि कोण, कुठे, केव्हा, आधी काय घडून गेलंय, या सगळ्याला म्हणतात 'दिलेली परिस्थिती'. हे विचार पद्धतशीर मांडले ते रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्की यांनी (१८६३-१९३८). आज जगात जिथे जिथे अभिनय शिकवला जातो, तिथे त्यांचं बोट धरून किंवा त्यांच्याशी भांडून शिकवला जातो.

आपल्याकडे त्याच्या कितीतरी शतकं आधी भरतमुनींच्या नाट्यशास्त्रानं अभिनयाचे चार प्रकार सांगितलेत. आंगिक म्हणजे शरीराचा, वाचिक म्हणजे वाणीचा, आहार्य म्हणजे वेशभूषा-रंगभूषेचा आणि चौथा सात्त्विक. घाम फुटणं, अंगावर काटा येणं, आवाज फुटणं, डोळ्यांत पाणी येणं अशा आठ गोष्टी सात्त्विकात येतात. त्या कशा येतात, तर मन एकाग्र झाल्यानं, असं भरतमुनी सांगतात. म्हणजे अश्रू ओढून आणायचे नसतात, मन कुठेतरी नीट लागलं की ते येतात. हे वाक्य मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. त्याचा अर्थ कळायला एक कोरा कागद लागला, ते पुढे सांगते.

## पण हे तर अंगातच असावं लागतं!

असतंच. काहींच्या अंगात जास्त असतं, हे मी नाकारत नाही. पण भाकरीचं उदाहरण घ्या. माझ्या आईच्या हाताखालची भाकरी गोल फिरते, तव्यावर टम्म फुगते. तिला विचारलं की म्हणते, "अगं, हाताला कळतं." पण पीठ जुनं असलं, त्यातली विरी म्हणजे चिकटपणा गेलेला असला, तर तिची भाकरीसुद्धा चिरते. तेव्हा ती पीठ चिमटीत घेऊन बघते, म्हणते, "उकळतं पाणी घालून मळायला हवं." हाताला जे कळतं त्याला नाव देता आलं, तरच बिघडल्यावर दुरुस्त करता येतं. अंगातलं काढून घेणं किंवा नसलेलं घालणं शाळेच्या हातात नाही. अंगात आहे ते हवं तेव्हा आणि हवं तितक्या वेळा हाताशी कसं आणायचं, एवढं मात्र शिकवता येतं. गायकानं दहा वर्षं रियाज केला तर त्याला कुणी विचारत नाही, की गळा चांगला असताना शिकायला कशाला गेलास.

## मग दिवसभर करतात तरी काय?

पहिल्या वर्षी बघायला गेलात तर वाटेल, ही मुलं काहीच करत नाहीयेत. सतरंजीवर उताणी पडलीयेत, प्रत्येकाच्या पोटावर एक जाड पुस्तक. श्वास घेतला की पुस्तक वर यायला हवं. छातीनं श्वास घेण्याची सवय लागलेल्या मुलाचं पुस्तक ढिम्म हलत नाही, खांदे मात्र कानापर्यंत जातात. मग 'स्स्स' असा बारीक, एकसारखा आवाज सोडत आकडे मोजायचे. पहिल्या आठवड्यात बहुतेकांचा श्वास पंधरापाशी संपतो. लांबलचक वाक्याच्या शेवटचा शब्द प्रेक्षकांना का ऐकू येत नाही, याचं उत्तर त्या पंधरात असतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं. श्वास आधीच संपला तर माणूस आला की गेला, हेच मागच्या रांगेला कळत नाही.

मग वर्ण. 'चमचा'तला च आणि 'चंद्र'मधला च वेगळा आहे, हे आपण आयुष्यभर बोलतो पण ऐकलेलं नसतं. ण, ळ, ख-घ-भसारखे महाप्राण, सगळं एकेक करून तोंडात बसवायचं. इथे एक प्रश्न हमखास उभा राहतो. लातूरहून, गडहिंग्लजहून, चंद्रपूरहून आलेल्या मुलाला पुणेरी वळणाचं बोलायला लावायचं का? माझं मत ठाम आहे. त्याची बोली पुसण्याचा हक्क कुणालाच नाही. त्याला प्रमाण मराठी यायला हवी, कारण उद्या त्याला वकिलाची भूमिका करायची असेल. आणि पेठेत वाढलेल्या मुलीला मराठवाड्याची लय तितक्याच कष्टानं शिकायला लावायला हवी. ज्या वर्गात यातलं पहिलंच घडतं, तिथे निम्मंच शिक्षण होतंय.

शरीराचंही तसंच. चालणं, थांबणं, खुर्चीवर बसणं. खुर्चीवर बसण्याच्या एका सरावात आमची चाळीस मिनिटं गेली होती. प्रत्येक जण बसताना खुर्ची मागे आहे ना हे बघून घेत होता. आपल्या घरात कुणी असं बघतं का? प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण हा माणूस स्वतःच्या घरात नाहीये हे त्याला तेवढ्यावरून जाणवतं.

प्रकाशात उभं राहणंसुद्धा शिकावं लागतं. जुने हॅलोजनचे दिवे तापायचे. गालावर ऊब लागली की समजायचं, आपण नेमक्या जागी आहोत. आता एलईडी आले, ती ऊब गेली. नवीन मुलांना मार्क, म्हणजे उभं राहायची ठरलेली जागा, शोधायला जमिनीवरची चिकटपट्टी आणि डोळ्यांना जाणवणारी तिरीप यांच्यावर भिस्त ठेवावी लागते.

## पुरुषोत्तम आहे की! विद्यापीठ कशाला?

पुण्यात हा आक्षेप येणारच, आणि तो मला जवळचा आहे. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा भरवते. भरत नाट्य मंदिरात "अरे आव्वाज कुणाचा" घुमायला लागलं की आजही माझ्या पोटात कालवाकालव होते. मला नाटकाचं वेड लागलं ते तिथेच.

मी एकोणीस वर्षांची होते. आमच्या एकांकिकेत मी सत्तरीची आई करत होते. परगावी गेलेल्या मुलाचं पत्र येतं, ती वाचते आणि फाडून टाकते. प्राथमिक फेरीत त्या जागी मला खरंच रडू आलं. सभागृह चिडीचूप झालं. आम्ही अंतिम फेरीत गेलो. तिथे कागद तोच, प्रकाश तोच, सोबतचे नट तेच. मी पत्र उघडलं आणि रडू यायची वाट बघत राहिले. आलं नाही. मग मी आवाज थरथरवला, खांदे हलवले. मी खोटं करतेय हे मला कळत होतं, आणि पहिल्या रांगेतल्या माणसालाही कळत होतं. परतताना त्या जागेबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तेव्हापासून मला एकच प्रश्न पडला होता: पहिल्यांदा आलं ते कुठून आलं होतं?

उत्तर मिळालं एम.ए.ला. नाटक दुसरं होतं, पण त्यातही पत्र होतं. तालमीत सरांनी मला थांबवलं. "पत्रात काय लिहिलंय?"

"मुलगा परत येणार नाही, असं."

"ते तुला माहितीये. कागदावर काय आहे? पहिली ओळ कुठली? खाडाखोड कुठे आहे?"

कागद कोरा होता. एकांकिकेतलाही कोराच होता. पहिल्यांदा मी आयतं मिळालेल्या भावनेवर तरून गेले होते आणि दुसऱ्यांदा तीच भावना शोधत बसले. "रडू आणू नकोस," सर म्हणाले, "पत्र वाच."

त्या रात्री मी ते पत्र लिहिलं, त्या मुलाच्या घाईच्या अक्षरात. शेवटी त्यानं आधी 'लवकर येतो' लिहिलं असेल असं मला वाटलं. मग मी 'लवकर' खोडलं. दुसऱ्या दिवशी तालमीत वाचताना डोळे त्या खोडलेल्या शब्दावर अडले. खोडलेलं असलं तरी वाचता येत होतं. कधी पाणी यायचं, कधी नाही. प्रसंग मात्र दोन्ही वेळा उभा राहायचा, कारण मी आता काहीतरी दाखवत नव्हते, वाचत होते.

पुरुषोत्तम आणि विद्यापीठ यांत मला दिसणारा फरक एवढाच आहे. स्पर्धा त्या एका संध्याकाळी तुमच्याकडून सर्वस्व मागते. ते कसं घडलं आणि पंचविसाव्या प्रयोगाला ते पुन्हा कसं घडवायचं, हे विचारायला तिला वेळ नसतो. विद्यापीठ तो वेळ देतं. तिथे चुकता येतं, आणि चुकल्यावर कुणी तुम्हाला फेरीतून काढून टाकत नाही.

## नाटक उभं करणं हा निम्मा अभ्यास

ते पत्र मी प्रयोगात फाडायचे. म्हणजे बारा प्रयोग असतील तर बारा पत्रं हवीत, सगळी त्याच अक्षरात, सगळ्यांत 'लवकर' तिथेच खोडलेलं. पहिल्या वर्षाच्या एका मुलानं ती रात्री बसून लिहिली. तो त्या नाटकात प्रॉपर्टी, म्हणजे प्रयोगात लागणाऱ्या वस्तू, सांभाळत होता. विंगेत त्याचं टेबल असायचं, त्यावर चिकटपट्टीनं आखलेले चौकोन, प्रत्येकावर वस्तूचं नाव: चष्मा, तांब्या, पत्र. तिसऱ्या घंटेआधी एक जरी चौकोन रिकामा दिसला, तरी प्रयोग सुरू करायचा नाही.

पुढच्या नाटकात तो मुलगा मुख्य भूमिकेत होता आणि मी प्रकाशयोजनेला मदत करत होते. अशी अदलाबदल मुद्दाम करतात. नेपथ्य, वेशभूषा, संगीत, दिग्दर्शन, लेखन, व्यवस्थापन या सगळ्यांतून प्रत्येकाला जावं लागतं. काही जणांना तिथेच कळतं, की आपल्याला रंगमंचावर उभं राहायचंच नाहीये, आपली जागा दिव्यांच्या बोर्डामागे आहे. नट व्हायला येऊन प्रकाशयोजनाकार झालेल्या माणसाला कुणी अपयशी समजू नये. त्याला त्याचं काम सापडलेलं असतं.

पुस्तकं असतात का? असतात, भरपूर. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी काय केलं, १८८० मध्ये पुण्यात किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'नं काय बदललं, ग्रीक आणि संस्कृत नाटकं, जर्मन नाटककार ब्रेख्त, तमाशा, दशावतार. सनावळी पाठ करण्यात अर्थ नाही. पण दशावतारातला नट हातात लिखित संहिता नसताना प्रसंग कसा रंगवतो हे ज्यानं बघितलंय आणि समजून घेतलंय, तो स्वतःचं नाटक बसवताना अडला तर त्याच्याकडे दुसरी वाट असते.

## डॉक्टरांनीच तर नाटक गाजवलं ना?

मैत्रिणीच्या नवऱ्याचा हुकमी एक्का. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. सतीश आळेकर बायोकेमिस्ट्रीचे. यांच्यापैकी कुणी नाटकाची पदवी घेतली होती?

नव्हती. पण त्यांना तालीम नव्हती असं म्हणणं चुकीचं आहे. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन आणि पुढे १९७३ मध्ये निघालेली थिएटर अकॅडमी, या संस्था हेच त्यांचं विद्यापीठ होतं. तिथे वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी तालमी झाल्या. पोटापाण्याला दवाखाना किंवा नोकरी होती म्हणून हे परवडलं. लागूंनी पूर्ण वेळ रंगभूमी पत्करली ती १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर. आज नोकरीची वेळ रात्री आठलाही संपत नाही, तालमीला जागा ताशी भाड्यानं घ्यावी लागते. पाच-सहा जणांनी रोज चार तास, वर्षभर एकत्र यायचं, हे विद्यापीठाबाहेर जमवणं फार अवघड झालंय. आणि यातल्याच आळेकरांनी पुढे पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राची धुरा १९९६ पासून बारा-तेरा वर्षं सांभाळली. नाटक शिकवायला हवं असं त्यांना वाटलं नसतं, तर त्यांनी एवढी वर्षं दिली असती का?

## पुण्यात कुठे, आणि कशात काय फरक?

गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारात ललित कला केंद्र आहे, १९८७ मध्ये सुरू झालेलं. नावातच 'गुरुकुल' आहे. संगीत, नृत्य आणि नाट्य एकाच विभागात, त्यामुळे नाटकाच्या मुलाच्या कानावर दिवसभर तबला पडतो. हे मला मोठं भाग्य वाटतं.

लॉ कॉलेज रोडवर, प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० पासून असलेली फिल्म इन्स्टिट्यूट वेगळी. तिथे अभिनयाचा अभ्यासक्रम मधली बरीच वर्षं बंद होता, २००४ मध्ये पुन्हा सुरू झाला. तिथला अभिनय कॅमेऱ्यासाठी. पाया एकच, पण कॅमेरा नटाजवळ येतो आणि नाटकात नटाला शेवटच्या रांगेपर्यंत जावं लागतं. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ चं. पुण्यात शाळा शिकलेल्या रोहिणी हट्टंगडी तिथेच घडल्या. तिथे जायचं तर आधी एखादी पदवी आणि नाटकांचा अनुभव लागतो, त्यामुळे बारावीनंतर लगेच त्याचा विचार नको.

## क्रेडिट म्हणजे काय, आणि मध्येच बाहेर पडता येतं का?

क्रेडिट हे अभ्यासाच्या वेळेचं माप आहे. सत्रभरात वर्गातले १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास म्हणजे एक क्रेडिट. नाट्यनिर्मितीला चार क्रेडिट दिली, तर कागदावर होतात १२० तास. आता खरा हिशोब बघा. दोन अंकी नाटक बसवायला सहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज चार तास धरले तर १४४ तास नुसत्या तालमीचे. नेपथ्य ठोकणं, दिवे लावणं, रंगीत तालीम वेगळीच. मुलगी रात्री उशिरा घरी येईल ती या वरच्या तासांमुळे. हे आधीच माहीत असलेलं बरं.

नव्या धोरणात एक वर्षानं प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चार वर्षांनी ऑनर्स अशी सोय आहे. अडचण आली तर ती सोय मोलाची आहे. पण ठरवून एका वर्षासाठी नाटकाला येऊ नका. पहिल्या वर्षी जुन्या सवयी मोडतात, नव्या अजून बसलेल्या नसतात. वर्षअखेरीला बहुतेक मुलं आधीपेक्षा अवघडलेली दिसतात, बोलताना श्वास मोजत असतात. तेव्हा सोडलं तर जुनं गेलेलं असतं आणि नवं आलेलं नसतं.

गुणांचं म्हणाल तर लेखी परीक्षा असतेच. प्रात्यक्षिकात प्रयोगाइतकीच तालमही तपासली जाते. वेळेवर येतो का, समोरच्याचं ऐकतो का, काल सापडलेली जागा आज पुन्हा सापडते का, भूमिकेची वही लिहितो का.

## पोट भरेल का? आणि मुलगी सुरक्षित राहील का?

फक्त प्रायोगिक रंगभूमीवर घर चालवणारी माणसं फार थोडी आहेत. हे लपवून कुणाला प्रवेश घ्यायला लावणं मला पाप वाटतं. मालिका, डबिंग, ध्वनिपुस्तकं, शाळांमधलं नाट्यशिक्षण, प्रकाश-नेपथ्याची कामं, नेट ही पात्रता परीक्षा देऊन प्राध्यापकी, या सगळ्यांचं मिळून बहुतेकांचं गणित बसतं. पहिली काही वर्षं ओढाताणीची जातात. घरून थोडा आधार असेल तर मुलं टिकतात. ज्यांना तो नाही, त्यांच्यासाठी वसतिगृह आणि शिष्यवृत्ती यांची चौकशी अर्ज भरायच्या आधी करा, नंतर नको.

सुरक्षिततेचा प्रश्न मैत्रिणीनं सगळ्यात शेवटी, आवाज उतरवून विचारला. तो पहिलाच विचारायला हवा होता. नाटकात जवळीक असते, स्पर्श असतो, गुरूच्या शब्दाला वजन असतं. म्हणून विभागात गेल्यावर दोन गोष्टी थेट विचारा. अंतर्गत तक्रार समितीवर कोण आहे? ती कायद्यानं असावीच लागते. आणि स्पर्शाचे प्रसंग कसे बसवता? चांगला शिक्षक सांगेल, की हात कुठे, किती वेळ, हे दोघा नटांशी आधी बोलून, दोघांच्या होकारानं ठरवतो आणि मारामारीसारखंच मोजून बसवतो. "नटाला लाज असून चालत नाही" असं उत्तर आलं, तर तिथून उठा.

## प्रवेशाला काय तयारी करायची?

साधारणपणे एक स्वगत किंवा नाट्यप्रवेश करून दाखवायचा असतो, आणि मग मुलाखत होते. मैत्रिणीची मुलगी दुसऱ्या रविवारी तयारी करून आली. "मावशी, बघशील?" माझ्या बैठकीच्या खोलीत उभी राहून तिनं स्वगत म्हटलं. पाठांतर चोख, आवाज स्वच्छ, हात सतत हवेत.

मी विचारलं, "हे तू कुणाला सांगतेयस?"

ती थबकली. खिडकीकडे बघत राहिली. "आजीला, बहुतेक."

"मग आजी कुठे बसलीये?"

तिनं खोलीभर नजर फिरवली. कोपऱ्यातली खुर्ची उचलून खिडकीशी नेली, उजेडाकडे पाठ होईल अशी ठेवली. पुन्हा बघितलं. मग ती खुर्ची अर्धा हात आणखी जवळ ओढली. "आजीला कमी ऐकू येतं," ती म्हणाली, आणि हात खाली सोडून पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरू केलं.